हातचं आणि पळतं

नगर शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर, डोंगरांच्या खोबणीत हिवरे बाजार वसलं आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या माणसापुढचा हिशेब सोपा होता. डोंगरावरचं झाड तोडलं की आज संध्याकाळी चूल पेटणार, मोळी विकली तर चार पैसेही मिळणार. तेच झाड राखलं, उतारावर चर खणले, शेळ्या घरी बांधल्या, तर चार-पाच वर्षांनी विहिरीला पाणी वाढेल. तेही कदाचित. म्हणजे पाऊस पडला तर, शेजाऱ्यानेही कुऱ्हाड खाली ठेवली तर, सरकारी पैसा मधेच आटला नाही तर. घरात आठवड्यापुरतीसुद्धा ज्वारी नसलेल्या माणसाने यातलं काय निवडायचं? त्याने कुऱ्हाड उचलली. त्याच्या शेजाऱ्यानेही उचलली. वनखात्याने राखलेला डोंगरही सुटला नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत याच गावाने नेमका उलटा निर्णय घेतला आणि पाळला. याचं वर्णन करताना ‘गावकऱ्यांना शहाणपण आलं’, ‘मनं बदलली’ असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती फारशी रुचत नाही. तिच्यात आधीची माणसं अडाणी होती असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण या पट्ट्यातल्या माणसाने अनुभवाने पाठ केलेली होती. पळतं कधी हाती लागलंच नव्हतं, तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? हा भरवसा आधी कसा मोडला आणि मग कुठे-कुठे कसा जोडला गेला, त्याची ही गोष्ट आहे. ती दीडशे वर्षांपूर्वीपासून सांगावी लागते.

नगर (आजचा अहिल्यानगर) हा एकाच नावाखाली नांदणारा दोन तऱ्हांचा जिल्हा आहे. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, भंडारदऱ्याच्या वर, पाऊस कोसळतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि नगर हे तालुके पर्जन्यछायेत, तिथे चारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं. या कोरड्या पट्ट्यात कर्ज ही नेहमीचीच बाब होती. मात्र १८६० नंतर तिचा आकार बदलला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या खेड्यांत सावकाराचा पैसा मोकळ्या हाताने फिरू लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पैसा आला तसा आखडला. सरकारच्या शेतसाऱ्याची फेरआकारणी त्याच सुमाराला आली.

यात एका कायद्याने भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू रयतेला वाचवण्याचा होता, घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या मोठ्या मुद्दलावर पुन्हा व्याज धावे. अंगठा उठवणाऱ्याला आजचे रुपये दिसत. तीन वर्षांनंतरचा आकडा त्याला वाचता येत नव्हता, आणि आला असता तरी बियाणं त्याला आजच हवं होतं.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावच्या बाजारात लोक दुकानांवर चालून गेले. तिथून ठिणगी नगर जिल्ह्यात आली, पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. या उठावाची एक खूण इतिहासकारांच्या नजरेत भरते. सावकारांच्या अंगावर हात फारसे पडले नाहीत, लोकांना हवे होते कागद. रोखे, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. जो ‘उद्या’ दर तीन वर्षांनी फुगत होता तो त्यांनी चव्हाट्यावर पेटवला.

उठावानंतर सरकारने आयोग नेमला. रयत उधळी आहे, लग्नकार्यात पैसा उडवते, म्हणून बुडते, असं गोऱ्या आणि काळ्या दोन्ही साहेबांचं तेव्हा आवडतं मत होतं. आयोगाने मात्र लग्नखर्चाला कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेल्याचं नोंदवलं. पुढे १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. उधळ्या रयतेचं ते मत काही मेलं नाही. आजही ते चहाच्या टपरीपासून अर्थसंकल्पावरच्या चर्चेपर्यंत भेटत राहतं.

म्हणून इथे मेंदूचा विषय काढतो, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगशाळांमध्ये जे सापडलं ते त्या आयोगाच्या बाजूने पडतं.

तुम्हाला कोणी विचारलं, आज शंभर रुपये घेता की उद्या एकशेदहा? बरेच जण आजचे शंभर घेतात. तोच माणूस, तेच आकडे, फक्त सगळं महिनाभर पुढे ढकलू. तिसाव्या दिवशी शंभर की एकतिसाव्या दिवशी एकशेदहा? आता तो सहज एक दिवस थांबायला तयार होतो. दोन्हीकडे अंतर एकाच दिवसाचं. म्हणजे काळाबरोबर मोबदल्याची किंमत मनात सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या काही दिवसांतच ती धाडकन घसरते, मग सावकाश. रविवारपासून व्यायाम सुरू करायचा निश्चय रविवारी सकाळीच का मोडतो, याचं उत्तर इथेच आहे.

२००४ मध्ये सॅम्युअल मॅक्लुअर, डेव्हिड लेबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लोक असे पर्याय निवडत असताना त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. पर्यायांत ‘आत्ता’ आला की मेंदूच्या खोल, जुन्या भागातली, डोपामाइनशी जोडलेली केंद्रं जास्त चेतत. कपाळामागचा आणि माथ्याजवळचा भाग मात्र सगळ्याच निवडींत कामाला लागलेला असे. यावरून मेंदूत उतावळा आणि संयमी असे दोन भाऊ भांडतात, असं चित्र लोकप्रिय झालं. २००७ मध्ये जोसेफ केबल आणि पॉल ग्लिमशर यांनी ते जरा बदललं. त्यांना दिसलं की आजचं आणि नंतरचं, दोन्ही मेंदू एकाच तराजूत तोलतो. फक्त नंतरच्याला प्रत्येकाचा मेंदू स्वतःच्या दराने कसर लावतो. कोणाचं चित्र जास्त बरोबर, हे तज्ज्ञ ठरवतील. आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. हा कसरीचा दर ठरतो कशावरून?

त्याचं एक उत्तर तमिळनाडूतल्या उसाच्या शेतकऱ्यांकडून आलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना विचारशक्ती तपासणारी कोडी दोनदा घातली गेली, उसाचे पैसे हातात येण्याआधी, म्हणजे ओढाताणीच्या दिवसांत, आणि पैसे आल्यावर. माणसं तीच, पण ओढाताणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी पडली. टंचाईच माणसाच्या मनाची जागा अडवते आणि पुढचा विचार करायला ती उरत नाही.

दुसरं उत्तर लहान मुलांकडून आलं. समोरची गोळी पंधरा मिनिटं खाल्ली नाहीस तर दोन मिळतील, ही वॉल्टर मिशेल यांची स्टॅनफर्डमधली परीक्षा जगभर गाजली. जो थांबला तो पुढे यशस्वी झाला, असं तिचं तात्पर्य अनेक शाळांच्या स्नेहसंमेलनांत अजून ऐकू येतं. (मोठ्या संख्येने मुलं घेऊन, घरची परिस्थिती हिशेबात धरून २०१८ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा त्या तात्पर्यातला बराचसा वारा निघून गेला. स्नेहसंमेलनांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.) २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी या परीक्षेला एक साधी पायरी जोडली. गोळी देण्याआधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं. काही मुलांना रंग मिळाले, काहींना ‘संपले’ म्हणून रिकाम्या हाताने सांगण्यात आलं. मग गोळीची परीक्षा. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन.

पारनेर-श्रीगोंद्याच्या कुणब्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘रंग संपले’ हेच ऐकू येत होतं. त्याने गोळी लगेच खाल्ली.

जिल्ह्याचा उत्तर भाग या हिशेबातून लवकर सुटला. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, कालव्यांनी पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. इतकं थांबायला राहात्याचा शेतकरी तयार झाला, तो काही पारनेरच्या शेतकऱ्याहून जास्त संयमी पिंडाचा होता म्हणून नव्हे. कालव्याची पाळी येणार हे त्याला ठाऊक होतं. पुढची पायरी अवघड होती. उसातला नफा सावकार आणि खाजगी कारखानदाराकडे जाऊ न देता आपलाच कारखाना काढायचा, त्यासाठी आज खिशातून भागभांडवल द्यायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. विठ्ठलराव विखे पाटील लोणीच्या परिसरात गावोगाव फिरले. पतपेढीच्या कामातून लोकांचा त्यांच्यावर आधीच विश्वास बसलेला होता. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. अनोळखी माणसाने तेच शेअर विकायला आणले असते तर किती जणांनी घेतले असते, याची शंकाच आहे.

दक्षिण भागाला कालवा नव्हता, आणि १९७२ आला.

त्या दुष्काळाची आठवण ज्यांच्या घरात अजून जिवंत आहे त्यांना तपशील सांगायची गरज नाही. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी कुटुंबं, लाल मिलो ज्वारी, सुकडी. या दुष्काळातून दोन गोष्टी उरल्या. एक वाईट. विहिरी आटल्या, जनावरं गेली, तरुण मुंबई-पुण्याला गेले, मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी हातभट्ट्या लावल्या. दारू हा हातचं-पळतं हिशेबाचा सगळ्यात उघडा नमुना. गाळणाऱ्याला आठवड्यात पैसे, पिणाऱ्याला तासाभरात विसर. दुसरी गोष्ट चांगली. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना या दुष्काळाने राज्यभर नेली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, रोजगार हमी योजना. तिचं काम पुढे कळीचं ठरणार होतं.

१९७५ मध्ये लष्करातला वाहनचालक किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीला परतला. गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि बहुतेक घरांत अर्धं वर्ष पुरेल इतकंही धान्य नव्हतं. अण्णांनी पहिलं काम पाण्याचं केलं नाही. त्यांनी यादवबाबांच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार स्वतःच्या साठवलेल्या पैशातून केला. हा भाग भाविकतेचा म्हणून वाचला जातो. मला त्यात व्यवहार दिसतो. हा माणूस आपल्याकडे पैसे मागत नाही, स्वतःचे घालतो, आणि त्याने बोललेलं काम डोळ्यांसमोर उभं राहतं, एवढी एक पावती गावाला मिळाली. रंग मिळाले.

त्यानंतर पाणलोट. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला होता, त्याची शिकवण राळेगणला आली. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, उतारावर चर आणि बांध पडले. देवळातच धान्य बँक निघाली. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवायचं, अडलेल्याने न्यायचं आणि सुगीला थोडं वाढवून परत करायचं. ही बँक नेहमीच्या गौरवलेखांत एका ओळीत संपते, पण तिचं वजन मोठं आहे. घरात खायला असल्याशिवाय माणूस पाच वर्षांनंतरच्या पाण्याचा विचार करू शकत नाही, हे तमिळनाडूच्या अभ्यासाच्या तीस वर्षं आधी राळेगणने कृतीत आणलं होतं.

मग आली पंचसूत्री. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाचातल्या चार गोष्टी ‘बंदी’ आहेत. आपला मेंदू ऐन वेळी ‘आत्ता’कडे झुकणार हे ओळखून आधीच स्वतःचे हात बांधून घ्यायचे, असा हा प्रकार. बांधून घेणं इथे नेहमीच अलंकारिक राहिलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. राळेगणमध्ये दारू पिऊन आलेल्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, अण्णांनी ते कधी लपवलं नाही, आणि आदर्श गावाच्या कौतुकात हा मुद्दा अनेकांना गैरसोयीचा वाटतो. संयम शिकवण्याच्या नावाने गावाने एका माणसाच्या अंगावर हात टाकायचा का? माझं उत्तर नाही असं आहे, गावाला पाणी मिळालं तरीही.

हिवरे बाजार राळेगणहून फार लांब नाही. गावाला कुस्तीची जुनी परंपरा होती. १९७२ नंतर तीही विरली, आणि बदली होऊन तिथे येणारा सरकारी नोकर ती शिक्षा समजू लागला. १९८९ मध्ये गावच्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंचपदाला उभं राहायला भाग पाडलं. एम. कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. घरच्यांच्या मनात त्याच्यासाठी भलतीच स्वप्नं होती. निवड बिनविरोध झाली.

इथून पुढचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे, कारण माझ्या मते हिवरे बाजारचं यश कामांच्या यादीपेक्षा त्यांच्या क्रमात आहे. सुरुवात शाळेपासून झाली. मास्तर नीट येत नव्हते, खोल्या पडक्या होत्या. श्रमदानातून खोल्या उभ्या राहिल्या. शाळेची खोली काही महिन्यांत दिसते आणि तिच्यावर कोणाचं भांडण नसतं. गावाने मिळून केलेलं काम पुरं होतं, हा अनुभव आधी पदरात पडला. मग दारूचे अड्डे बंद झाले. १९९३ मध्ये गावाने पाणलोटाच्या कामासाठी स्वतःची विश्वस्त संस्था स्थापन केली. राज्य सरकारने राळेगणच्या धर्तीवर आदर्श गाव योजना काढली होती, तिच्यात १९९४ मध्ये हिवरे बाजार आलं.

आता चर खणायचे होते, आणि इथे रोजगार हमी कामाला आली. डोंगरावर सलग समतल चर खणणाऱ्या मजुराला आठवड्याला मजुरी मिळत होती. चराचं पाणी विहिरीत उतरायला दोन-तीन पावसाळे लागणार, पण शनिवारचा बाजार त्या मजुरीवर होत होता. ज्या कामाचं फळ उद्या, त्याच कामाचे पैसे आज. हातचं आणि पळतं यांच्यात सव्वाशे वर्षं जी दरी होती तिच्यावर टाकलेली ही फळी होती. ती टाकायला पैसा राज्याचा लागला, हे विसरू नये. ‘लोकांनी स्वतःच्या बळावर केलं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

चराईबंदी सगळ्यात अवघड. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याला डोंगर बंद म्हणजे उद्याची भाकरी बंद. पण मोकळ्या चराईतून सुटलेल्या डोंगरावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गवत उठतं. ते विळ्याने कापून, ठरलेली फी भरून घरी न्यायला मुभा ठेवली गेली. झाडाचा मोबदला दहा वर्षांनी, पाण्याचा तीन वर्षांनी, गवताचा याच दिवाळीला. गवत आलं तशी गोठ्यात गाय-म्हैस आली, आणि दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी हातात पडू लागला. नव्वदीच्या मध्यात गावातून रोज दीडशे लिटर दूध जात होतं, पुढे ते चार हजार लिटरवर गेलं. दुधाने गावाला थांबणं परवडू लागलं.

थांबायला बळ देणारी दुसरी गोष्ट नजरेसमोरच होती. मेंदूवरच्या २०१० च्या एका अभ्यासात यान पेटर्स आणि क्रिस्टियान ब्यूखेल यांनी दाखवलं की पुढचा काळ ठसठशीत चित्रासारखा मनात आणता आला, की माणूस उशिराच्या मोबदल्यासाठी जास्त थांबतो. हिवरे बाजारच्या माणसाला कल्पनाशक्ती ताणायची गरज नव्हती. शेजारच्या तालुक्यात त्याच मातीत, त्याच पावसात राळेगण उभं होतं.

पाणी आल्यावर खरी कसोटी लागते. महाराष्ट्रात पाणलोटाची अनेक चांगली कामं याच टप्प्यावर बुडाली. विहीर भरली की ऊस, ऊस आला की बोअर, चार वर्षांत पुन्हा टँकर. भूजलाचा घोळ असा आहे की पाणी माझ्या जमिनीखाली असलं तरी ते एकट्या माझं नसतं. मी दहा वर्षं जपलेलं पाणी शेजाऱ्याची चारशे फुटांची बोअर एका उन्हाळ्यात ओढून नेते. अशा ठिकाणी एकट्याने संयम पाळणं म्हणजे शुद्ध खुळेपणा, आणि मेंदू तो बरोबर ओळखतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस आणि केळी बंद. जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. तमिळनाडूतून येणाऱ्या बोअरच्या गाड्या आजूबाजूच्या शिवारांत घरघरत होत्या तेव्हाचे हे निर्णय आहेत. सगळ्यांचे हात एकदम बांधले, म्हणून प्रत्येकाला आपले बांधून घेता आले.

२००३-०४ च्या दुष्काळात जिल्ह्यातली गावंच्या गावं टँकरची वाट पाहत होती, हिवरे बाजारला टँकर लागला नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. १९९५ च्या पाहणीत गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, पुढे ही संख्या तीनवर आली. मुंबईला गेलेली काही घरं परतली. २००७ मध्ये राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री.

आता हिशेबाची दुसरी बाजू. विहिरीला वाढलेलं पाणी विहीर असलेल्यालाच मिळतं. वाट पाहण्याचा खर्च मात्र सगळ्यांत वाटला गेला, आणि शेळ्या राखणाऱ्या, जमीन नसलेल्या घरांवर तो जास्त पडला. मजुरी, गवत, दूध यांनी त्याची बरीच भरपाई झाली, तरी ती भरपाईच. साळुंखे यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नव्हता, घरातल्या माणसांच्या संख्येवर होता, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा होता. राळेगण-हिवऱ्याच्या वाटेने गेलेल्या राज्याच्या योजनांनी ही कलमं मागेच सोडली. ती सोडली नसती तर हा इतिहास जास्त न्यायाचा झाला असता, असं माझं मत आहे.

आणि या वाटेने गावं तरी किती गेली? दोन नावं घेऊन आपण तीस वर्षं टाळ्या वाजवतो आहोत, यातच उत्तर आलं. सरकारलाही मेंदू असता तर तो उतावळ्यांतला निघाला असता. २०१४ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात जेसीबी लावून नाले खोल आणि रुंद करण्यावर भर पडला. खोलीकरण एका उन्हाळ्यात होतं, त्याचा फोटो निघतो, आकडा सांगता येतो. चराई आणि पीकपद्धतीवर ग्रामसभा बसवायला पाच वर्षं लागतात आणि मधे निवडणूक येते. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी या योजनेवरच्या अहवालात हजारो कोटींच्या खर्चानंतर भूजल पातळीवर फारसा परिणाम न दिसल्याचं नोंदवलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत वेगळा उपाय करून पाहिला. बक्षीसच जवळ आणलं. ४५ दिवसांची मुदत, गावागावांची चुरस. त्यात श्रमदान प्रचंड झालं. चर खणून झाल्यावर पीक कोणतं घ्यायचं आणि बोअर कोणी घ्यायची नाही, हे ठरवणं मात्र ज्या त्या गावावर राहिलं, आणि ते ४५ दिवसांत ठरत नाही.

हिवरे बाजारात ते दरवर्षी नव्याने ठरतं. पावसाळा सरला की किती मिलिमीटर पडला याचा आकडा ग्रामसभेपुढे येतो. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं, किती पेरायचं ते सांगतात. पाऊस ओढला असेल त्या वर्षी गहू आणि कांदा आखडता घेतात, ज्वारी-हरभऱ्यावर भागवतात.